मापाच्या वहीत माझंच पान

शेवटची पायरी होती. हे आता सांगून सांगून पाठ झालंय, कारण भेटायला येणारा प्रत्येक जण पहिलं हेच विचारतो की किती वरनं पडलीस, आणि मी शेवटची पायरी म्हटलं की त्यांचा चेहरा जरा उतरतोच. ऑपरेशन, प्लेट, स्क्रू एवढं ऐकून केळी घेऊन आलेल्या माणसाला मी निदान माडीवरनं तरी पडायला पाहिजे होते असं वाटत असणार.

श्रावणातला बुधवार, दिवसभर झिमझिम. माडीवर अस्तराचं कापड वाळत घातलं होतं (अस्तर आधी भिजवून वाळवून मगच कापायचं, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटतं आणि ब्लाऊजला चुण्या पडतात, सीझनच्या घाईत हे कोण करत नाही, मी करते). ते गोळा करून खाली येत होते, हातात गठ्ठा, पायाखालचं दिसेना, मला वाटलं पायऱ्या संपल्या. एक राहिली होती. उजवं पाऊल आत वळलं, त्याच्यावर सगळं अंग आलं आणि कट् असा आवाज झाला. मांजरपाट फाडायच्या आधी कडेला कात्रीनं छेद देऊन झटका मारतो ना, तसा. आवाज आधी आला, दुखायला लागलं नंतर.

मी मंगळवार पेठेत राहते, घरीच शिलाई करते. ब्लाऊज, फॉल-पिको, शाळेचे युनिफॉर्म, वीस वर्षं झाली. पायमशीन आहे, जुनी काळी. मधे यांनी मोटर बसवून दिली होती ती मला जमली नाही, फार पळते, आणि मोटरलासुद्धा पायानंच दाबायला लागतं, तेही उजव्या. शिलाई म्हणजे हातांचं काम असं सगळ्यांना वाटतं, मलापण वीस वर्षं तसंच वाटत होतं.

पडले तेव्हा गौरी-गणपतीला तीन-साडेतीन आठवडे होते आणि टेबलाखाली एकतीस ब्लाऊजपीस कापायचे पडले होते. एकतीस हा आकडा मला पायापेक्षा आधी आठवला, खोटं कशाला सांगू.

आता चूक सांगते. आमच्या कोल्हापुरात पेठेपेठेत तालीम आहे आणि प्रत्येक तालमीत एक निम्मा डॉक्टर आहे. शेजारचे मामा आले, पाय बघितला, म्हणाले, "बोटं हलत्यात न्हवं? मग हाड न्हाई मोडलं. लचकलाय नुसता." बोटं हलत होती, त्यामुळं सगळ्यांना बरं वाटलं, मलापण. मग आंबेहळदीचा लेप झाला, मग मामांनी कुणाला तरी बोलावलं, तो तेल लावून पाय ओढून 'बसवतो' म्हणाला आणि त्यानं ओढला. मी एवढी ओरडले की समोरच्या घरातली माणसं दारात आली. रात्रभर तसंच. सकाळी पाय भोपळ्याएवढा, कातडी ताणून चकचकीत झालेली आणि आतल्या बाजूला दोन पाण्याचे फोड.

बोटं हलतात म्हणजे हाड शाबूत हे साफ खोटं आहे एवढं कुणीतरी तालमीच्या भिंतीवर रंगवून घ्या. बोटं हलवणाऱ्या दोऱ्या वर पोटरीपासनं येतात, खाली घोटा मोडला असला तरी त्या ओढल्या की बोटं हलतात. हे मला नंतर डॉक्टरांनी एक्सरे बघताना सांगितलं. दोन्हीकडचे घोटे मोडले होते, आतला आणि बाहेरचा. मला वाटलं लगेच ऑपरेशन करतील, तर ते म्हणाले आत्ता नाही, एवढ्या सुजलेल्या कातडीला छेद दिला तर ती परत जुळायची नाही, चिघळेल. पाय उंच ठेवा, बर्फ लावा, सूज उतरू दे, कातडीला सुरकुत्या पडल्या की करू. सूज तशीही आली असती म्हणे, पण ओढाओढीनं वाढली.

मग सात दिवस मी सुरकुत्यांची वाट बघत पडून. आयुष्यभर इस्त्री मारून चुण्या काढल्या आणि आता चुणी पडायला नवस बोलायची पाळी. रोज सकाळी राऊंडला डॉक्टर यायचे, कातडी चिमटीत धरायचे आणि मान हलवून जायचे. सातव्या दिवशी घोट्याच्या वर बारीक बारीक रेषा दिसल्या, क्रेपच्या कापडासारख्या. हे घाईघाईनं बाहेर जाऊन सगळ्यांना फोन करून सांगत होते, सुरकुत्या पडल्या, सुरकुत्या पडल्या, आणि वॉर्डातली माणसं त्यांच्याकडं बघत होती.

ऑपरेशनचं जास्त सांगण्यासारखं नाही. कमरेत इंजेक्शन, कमरेखालचं सगळं बधिर, मधे पडदा. ड्रिलचा आवाज येत होता तो पलीकडच्या गल्लीत कुणीतरी खिडकीला ग्रील बसवतंय असा वाटत होता, ते आपल्याच हाडात चाललंय हे कळत असून पटत नव्हतं. बाहेरच्या बाजूला एक प्लेट आणि सात स्क्रू, आतल्या बाजूला दोन लांब स्क्रू. आमचे हे शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहेत, त्यांनी एक्सरे उजेडात धरून बघितला आणि पहिली प्रतिक्रिया काय, "फिनिशिंग चांगलं आलंय." मी टाके बघितले पट्टी बदलताना. बाहेर तेरा, आत पाच. चांगले होते, पण अंतर एकसारखं नव्हतं, खालचे तीन जरा लांब पडलेत. मी बोलले नाही. पैशाचं बरंचसं महात्मा फुले योजनेत बसलं, त्यासाठी केशरी रेशन कार्ड आणि माझ्या आधार कार्डवरचं माहेरचं नाव यांचं लग्न लावायला यांना तीन दिवस पळापळ झाली, ती कथा वेगळी.

डिस्चार्जच्या आधी डॉक्टरांनी विचारलं, मिशरी लावता का, तंबाखू? त्यानं हाड जुळायला वेळ लागतो म्हणाले. मी लावत नाही. पण सासूबाई, म्हणजे आमच्या आत्ती, शेजारी उभ्या होत्या, त्यांनी हळूच कमरेची डबी पदराखाली सारली, जसं काय त्यांच्या मिशरीनं माझं हाड अडणार होतं. घरी आल्यावर आठ दिवस माझ्यासमोर लावली नाही त्यांनी. नवव्या दिवशी सुरू.

सहा आठवडे पाय टेकवायचा नाही. ऐकताना हे वाक्य किती साधं वाटतं. आमचं घर जुनं, पुढं सोपा, मधलं घर, स्वयंपाकघर आणि मागं अंगणात संडास-बाथरूम, आणि प्रत्येक दाराला उंबरा. माझी कॉट सोप्यात टाकली, खिडकीशी, मशीनच्या शेजारी. मागं जायचं म्हणजे तीन उंबरे आणि दोन पायऱ्या, म्हणून खुर्चीचा कमोड भाड्यानं आणला आणि मधल्या घरात साडीचा पडदा लावला. त्याबद्दल एवढंच सांगते की पहिल्या दिवशी मी रडले आणि चौथ्या दिवशी मला काही वाटेनासं झालं. पोरगी अकरावीला आहे, ती भांडं उचलून घेऊन जायची आणि वर मलाच म्हणायची, "लाजतीस काय मम्मी, मी लाजतो का?" (आमच्या इथल्या पोरी जातो, येतो, करतोच म्हणतात, पुण्याच्या पाहुण्यांना वाटतं पोरगं बोलतंय.)

वॉकरचं सांगते. वॉकर घेतला की दोन्ही हात गेले. मग चहाचा कप एका खोलीतनं दुसऱ्या खोलीत न्यायचा कसा? हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर विश्वास बसला नसता, पण त्या सहा आठवड्यांत मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल तर ह्याचा. घरात दुपारी कोण नसायचं, आत्ती झोपायच्या, मी स्वयंपाकघरात जाऊन एका पायावर उभी राहून चहा करायचे आणि तिथंच ओट्याला टेकून उभ्या उभ्या प्यायचे. मग एक दिवस जुन्या जीन्सचा पाय कापला, कॉटवर बसून हातानं टाचून दोन कप्प्यांची पिशवी शिवली, वरनं वॉकरच्या आडव्या दांडीला बटणानं अडकवायची. एका कप्प्यात थर्मास, एका कप्प्यात मोबाईल, गोळ्या, कंगवा. मशीनवर शिवायचं थांबलंच होतं, पण हातशिलाई चालू होती तर. ती पिशवी बघून नंतर दोघींनी ऑर्डर दिली, एकीच्या सासऱ्यांचं खुब्याचं ऑपरेशन होतं.

पाय खाली सोडला की जांभळा व्हायचा. वांग्यासारखा. सगळं रक्त धाडधाड खाली उतरतंय असं वाटायचं, आत ठणठण. म्हणून झोपताना बसताना पाय छातीच्या वर, आणि उशा पुरेनात म्हणून न शिवलेल्या ब्लाऊजपीसचा गठ्ठा खाली. गिऱ्हाइकांना माहीत नाही त्यांच्या गौरीच्या पैठणीच्या पीसवर कुणाची टाच होती. दुसऱ्या आठवड्यात पोटरी एकाएकी दुखायला लागली आणि तट्ट झाली, तेव्हा मात्र घाबरले, कारण रक्ताची गुठळी होते, ती वर छातीत जाऊ शकते, असं सांगून ठेवलं होतं आणि त्यासाठीच पोटात इंजेक्शनं चालू होती. रात्री साडेनऊला रिक्षा करून गेलो, सोनोग्राफी केली, काही निघालं नाही. पण असं काही झालं तर सकाळपर्यंत थांबू नका, मामांना तर अजिबात दाखवू नका.

गिऱ्हाइकांचे फोन. सगळ्यांची सुरुवात पायानं आणि शेवट ब्लाऊजनं. "वहिनी, जिवाला जपा हां, काळजी घ्या, घाई करू नका, आणि ते माझं मोरपंखी तेवढं गौरीच्या आधी झालं असतं तर." माझ्याकडं एक पोरगी शिकायला येते, तिला कॉटवरनं सांगत सांगत एकतीसपैकी अकरा साधे ब्लाऊज शिवून घेतले, बाकीचे परत दिले. कटोरीचे तिला देऊ शकत नव्हते. माझ्याच मशीनवर तिचा पाय चाललेला ऐकत पडायचं, तो वेगळा आवाज, मधेच थांबतो, मधेच पळतो, मला झोप यायची नाही. गौरी आल्या तेव्हा गल्लीत झिम्मा-फुगडी चाललेली, मी खिडकीतनं बघितलं, दोघीतिघी येऊन वॉकरसकट मला उठवायला लागल्या होत्या, आत्तींनी त्यांना हाकललं.

आत्तींचं आणि आळणीचं सांगायलाच पाहिजे. हाड जुळायला नळ्यांचं आळणी (म्हणजे मटण शिजवलेलं बिनतिखटाचं पाणी) पाहिजे ह्यावर त्यांचा पूर्ण विश्वास, डॉक्टरांच्या कॅल्शियमच्या गोळ्यांवर निम्मा. पण पडले श्रावणात. श्रावणात घरात अंडंसुद्धा नाही. "श्रावण सपू दे, मग बघ." श्रावण संपला तर गणपती आले. गौरीबरोबर आमचा गणपती गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला हे मटणाच्या दुकानापुढं लाईनीत, अख्खं कोल्हापूर त्या दिवशी लाईनीत असतंय. मोठं पातेलंभर आळणी झालं, मिरी घालून, मी तीन वाट्या प्याले. मग पितृपंधरवडा लागला आणि त्यात आत्ती म्हणाल्या नको, मग नवरात्र. म्हणजे माझं हाड जे काही जुळलंय ते तीन-चार दिवसांच्या आळणीवर आणि बाकी नाचणीची आंबील, दूध आणि गोळ्या यांच्यावर जुळलंय, आणि श्रेय सगळं त्या पातेल्याला गेलंय.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी प्लास्टर निघालं. खरं दुखणं इथनं सुरू झालं, आणि हेच मला लिहायचं होतं, कारण ह्याबद्दल कुणी बोलत नाही. प्लास्टर काढलं की लोकांच्या लेखी माणूस बरा. "काढलं न्हवं? मग झालं की!" ज्या बायका रोज डबा द्यायच्या त्यांचे डबे थांबले, फोनवर आता पाय हा विषयच नाही, थेट ब्लाऊज. आणि मी त्या टेबलावर बसून आत काय निघालं ते बघत होते. कातडी कोंड्यासारखी सुटलेली, केस वाढलेले, पाऊल काटकोनातच अडकलेलं, वरही होईना खालीही होईना, आणि पोटरी नाहीच. म्हणजे जिथं पोटरी असते तिथं नुसती लोंबती कातडी. हा माझा पाय नव्हे असंच वाटलं, कुणाचा तरी ऑल्टरला आलाय.

घरी आल्यावर मी टेप काढला. घाबरल्यावर मी हातात टेपच घेते बहुतेक. मापाच्या वहीत गिऱ्हाइकांची पानं असतात, नाव, उंची, छाती, कंबर, मुंढा, बाही. त्यात एक नवं पान काढलं आणि वर स्वतःचं नाव घातलं. डावी पोटरी साडेतेरा, उजवी बारा. डावा घोटा नऊ, उजवा पावणेअकरा. जिथं जाड पाहिजे तिथं बारीक आणि जिथं बारीक पाहिजे तिथं जाड. असलं माप घेऊन कुणी आलं असतं तर मी परत घ्यायला सांगितलं असतं, चुकलंय म्हणून.

दर रविवारी अंघोळीनंतर माप घ्यायचं ठरवलं, सकाळीच, कारण संध्याकाळी सूज वाढलेली असते आणि माप पाव इंचानं खोटं येतं. ती वही माझ्या फार कामी आली. आतनं काहीच फरक वाटत नसतो, उलट वाईटच वाटत असतं, पण वहीत पाव इंच दिसतो. काही रविवारी तोपण दिसला नाही.

फिजिओथेरपीवाली मुलगी चांगली होती, हसून छळायची. पंजा वर-खाली, मग पावलानं हवेत अबकड काढायचं, टॉवेल पायाला गुंडाळून स्वतःकडं ओढायचं, जमिनीवरच्या गोट्या बोटांनी उचलून वाटीत टाकायच्या. एक रबराची पट्टी विकत घ्या म्हणाली ओढायच्या व्यायामाला, मी घरात असलेलं दोन इंची कमरेचं इलॅस्टिक घेतलं, दुहेरी करून गाठ मारली, ते जास्त कडक निघालं, मग एकेरी केलं. नंतर तिनं ते बघून फोटो काढून घेतला.

वजन टाकायचं प्रकरण मात्र भीतीचं. डॉक्टर म्हणाले पहिला आठवडा २० किलो, मग ३०, असं वाढवत न्या. आता २० किलो म्हणजे किती हे पायाला कसं कळणार? इथं मला समोरच्या फुटबॉलवाल्या पोराचा उपयोग झाला. पेठेच्या टीममधनं खेळतो, दोन वर्षांपूर्वी गुडघ्याचं लिगामेंट तुटलं होतं, अख्खा सीझन शाहू स्टेडियमच्या पायरीवर बसून काढला त्यानं. बोलायला उद्धट वाटतो पण त्याच्याएवढं कामाचं कुणी सांगितलं नाही. स्वतःचा वजनकाटा घेऊन आला, म्हणाला, "काकी, काटा एका पायाखाली, त्याच्या उंचीचा पाट दुसऱ्या पायाखाली, वॉकर धरा आणि हळूहळू दाबा, आकडा बघत." मी दाबला. चार किलो. सात किलो. घाम आला आणि दुखत नव्हतं फारसं, नुसती भीती, की आता कट् वाजणार. ह्यांनी पास केलेल्या त्या स्क्रूंवर माझा विश्वास बसायला आठ दिवस लागले. ज्या दिवशी काट्यावर २० आले तेव्हा पोरगी मोठ्यानं ओरडली "वीस!" आणि समोरनं फुटबॉलवाला ओरडला "गोल!"

जिन्याचंही त्यानंच शिकवलं. चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा पाय आणि काठी. आणि काठी धरायची ती दुखऱ्या पायाच्या बाजूला नव्हे, चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात. सिरियलमध्ये सगळे उलट धरतात, मी आता तेवढंच बघते. त्या शेवटच्या पायरीला हळदीकुंकू लावलंय आत्तींनी. मी तिथं पिवळा ऑइलपेंटचा पट्टा मारून घेतला.

दिवाळीत वॉकर सुटला, एक काठी राहिली. किरणोत्सवाला, ९, १०, ११ नोव्हेंबरला, दरवर्षी एक दिवस तरी मी अंबाबाईला जाते, मावळतीचं ऊन महाद्वारातनं गाभाऱ्यापर्यंत येतं ते बघायला, पण त्या गर्दीत काठी घेऊन जायची हिंमत झाली नाही. पोरीनं मोबाईलवर दाखवलं. पहिल्या दिवशी किरणं देवीच्या पायाशी, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर. आत्ती बघत होत्या, म्हणाल्या, "तिला बी तीन दीस लागत्यात वर याला. तुझं काय घिऊन बसलीस." मी म्हटलं आत्ती, मला तीन महिने झालेत. तर म्हणाल्या, "ती देवी हाय."

तुळशीचं लग्न झालं आणि सीझन सुरू झाला. फिजिओवालीला मी भीत भीत विचारलं, पायमशीन कधी चालवू, मला वाटलं आता ओरडणार. तर म्हणाली, अहो, पंजा वर-खालीच तर करायचाय, तेच मी तुमच्याकडनं करून घेतीय की. फक्त लोड नको, पाच-पाच मिनिटं. मग मी मशीनचा पट्टा उतरवून ठेवला आणि नुसतं पायडल मारायला लागले, सकाळी पाच मिनिटं, दुपारी पाच. दोन आठवड्यांनी पट्टा चढवला, सुईत दोरा ओवला आणि पांढऱ्या मांजरपाटाच्या तुकड्यावर सरळ शिलाई मारायला बसले.

चाक उलटं फिरलं. दोरा तट्कन तुटला. परत ओवला, परत उलटं. ज्यांनी पायमशीन चालवलीय त्यांना कळेल, टाच आणि चवडा यांचा ताल चुकला की चाक मागं जातं आणि दोरा गुंततो, नवीन शिकणाऱ्या पोरींचं पहिल्या आठवड्यात हेच होतं आणि मी त्यांना ओरडते. माझा चवडा खाली जात होता, पण टाच वेळेवर दाबली जात नव्हती, तेवढ्या क्षणभरात चाक फसत होतं. शिकणारी पोरगी शेजारीच काज करत बसली होती, ती खाली मान घालून हसत होती आणि मला दिसू नये म्हणून दातात दोरा धरला होता. "हास," म्हटलं, "हास मोठ्यानं." मग दोघी हसलो, आणि मग मला रडू आलं, आणि ती बिचारी घाबरून पाणी आणायला गेली.

नऊ दिवस लागले सरळ शिलाई यायला. पहिला अख्खा ब्लाऊज, साधा, अस्तराचा, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. पूर्वी दीड तासात व्हायचा तो दोन दिवसांत झाला, मधेमधे पाय उशीवर. आता सात महिने होत आले, दिवसाला तीन होतात, कटोरीसकट. आधी पाच व्हायचे. थंडीत सकाळी प्लेटच्या जागी गार लोखंडासारखं लागायचं आणि पहिली दहा पावलं मी बदकासारखी चालते, अजूनही. प्लेट काढायची का म्हणून विचारलं तर त्रास नसेल तर राहू दे म्हणाले.

रंकाळ्यावर संध्याकाळी चालायला जातो आम्ही. सुरुवातीला बाकड्यावरनं बाकड्यावर, एका बाकड्यापासनं दुसऱ्यापर्यंत आणि मग बसायचं, हे भेळ आणायचे. आता अर्धी बाजू होते, शालिनी पॅलेस दिसायला लागलं की परत. सपाट आहे, पण फरशा मधेमधे उचललेल्या, त्यामुळं तळं बघायचं सोडून मी खालीच बघत चालते. आणि पायात स्पोर्ट्स शूज. साडीवर. भाचीच्या लग्नातपण पैठणीखाली पांढरे स्पोर्ट्स शूज, व्हिडिओवाल्यानं बरोबर तेच घेतले. फिजिओवालीनं कोल्हापुरी चप्पल बंद केली होती, तळ सपाट, टाचेला आधार नाही, आणि सुजलेलं पाऊल पट्ट्यातनं जातही नव्हतं. ती तेव्हापासनं सोप्यात भिंतीला टेकून उभी.

गेल्या रविवारचं माप: डावी पोटरी साडेतेरा, उजवी सव्वातेरा. डावा घोटा नऊ, उजवा सव्वानऊ. हा पाव इंच आता कदाचित असाच राहील असं डॉक्टर म्हणालेत. आणि घरातल्या घरात, सणावाराला थोडा वेळ चप्पल चालेल असंही म्हणालेत, म्हणून मी भवानी मंडपाकडच्या चप्पल लाईनीत गेले, जुना जोड घेऊन. म्हटलं ह्या उजवीचा पट्टा पाव इंच ढिला करून द्या, डावीला हात लावू नका. त्यानं पायाकडं बघितलं, टाक्यांच्या रेषेकडं बघितलं, काही विचारलं नाही. खिळा काढून पट्टा उचलून बघितला, खडूनं आत खूण केली, अगदी मी करते तशीच.

"हुतंय की," म्हणाला. "दोन दिसांनी या."

दोन दिवस म्हणजे आठ दिवस. आम्हीपण तसंच सांगतो.